फूड सर्व्हिसचे प्रकार कोणते? आणि बुफे हाच सगळ्यात आधुनिक प्रकार म्हणायचा का?

तू हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला आहेस आणि 'लग्नासाठी बुफे सर्वात आधुनिक' असं सरांनी वर्गात सांगितलं, म्हणून विचारतोयस. प्रकार नोट्समध्ये असतीलच, ते भराभर उरकते. यजमान स्वतः वाढतो ती इंग्लिश. वेटर थाळा समोर धरतो आणि पाहुणा आपल्या हाताने घेतो ती फ्रेंच. टेबलाशेजारी ट्रॉलीवर पदार्थ तयार करून देतात ती गेरिडॉन. वेटर एकाच हातात चमचा-काटा धरून डावीकडून वाढतो ती सिल्व्हर, हिलाच बरेच जण रशियन म्हणतात. किचनमधूनच भरलेली प्लेट येते ती अमेरिकन. बुफे, कॅफेटेरिया, रूम सर्व्हिस काय ते तुला कळतंच.

आता 'आधुनिक'चं बघू. युरोपात पूर्वी बड्या मेजवानीला एकेका फेरीचे सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडत आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते तो घेई. एकामागून एक पदार्थ गरमागरम आणून वाढायची पद्धत 1810 च्या सुमारास कुराकिन नावाच्या रशियन राजदूताने पॅरिसमध्ये आणली असं मानतात. म्हणजे ते लोक मांडून ठेवण्याकडून वाढण्याकडे गेले आणि आपण वाढण्याकडून मांडून ठेवण्याकडे आलो. यात कोण पुढे गेलं ते तुझ्या सरांना विचार.

मी वाशीच्या एका हॉटेलात बँक्वेटला कॅप्टन, म्हणजे मेजवान्यांच्या वेटरांची प्रमुख होते, आता नौपाड्यात छोटं केटरिंग करते. तरी पुतणीच्या लग्नात माझं कोणी ऐकलं नाही. मी म्हटलं, दुपारचं जेवण आहे, माणसं घरचीच आहेत, पंगत घालू. दीर म्हणाले, "वहिनी, पंगत गावाकडे. माझे ऑफिसचे लोक येणार आहेत." झालं, घोडबंदर रोडला हॉल घेतला आणि बुफे लावला.

चाफिंग डिशमध्ये, म्हणजे बुफेच्या झाकणवाल्या भांड्यात, खालच्या गरम पाण्यावर रस्साभाजी तग धरते, पुरी धरत नाही. झाकण घातलं की वाफेने मऊ पडते, उघडी ठेवली की वातड होते. लोक झाकणं उघडी टाकून पुढे जात होते, मसालेभात वरून सुकला होता. माझे सासरे एका हातात काठी आणि एका हातात प्लेट घेऊन रांगेत. डाव घ्यायला तिसरा हात कुठून आणायचा? काउंटरमागचा पोरगा पनीरचे तुकडे मोजून घालण्यात गुंग. शेवटी मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि वरण, भात, लिंबू, तूप आणून वाढलं.

आणि मग बिल. असल्या हॉलमध्ये माणसं मोजत नाहीत, प्लेटा मोजतात. निम्म्या लोकांनी गुलाबजामसाठी स्वच्छ प्लेट उचलली, म्हणजे हिशोबात माणसं दीडपट झाली. दीर मॅनेजरशी भांडले आणि पैसे भरून मोकळे झाले. अजून सांगतात, "पण फोटो छान आले."

पंगतीत हे होत नाही. आधी मीठ, मग लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मग वरणभात आणि त्यावर तूप. एक वाढपी एकच पदार्थ घेऊन ओळीने जातो, म्हणून किती उचललं जातंय ते त्याला कळतं आणि पुढच्या पंगतीला किती तळायचं ते आचाऱ्याला कळतं. पुरी कढईतून थेट पानात. चालताना न सांडता वाढायचं आणि कोणाचं पान रिकामं झालं ते लांबून हेरायचं, हे कसब सिल्व्हर सर्व्हिसइतकंच अवघड आहे, फक्त त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील बाई एकांगी आहे. संध्याकाळचं पाच-सातशे माणसांचं रिसेप्शन असेल तर बुफेच लाव. एक पंगत बसवून, वाढून, उठवेपर्यंत पाऊण तास जातो आणि हॉल काही रात्रभर तुझा नसतो. वाढपीही दुपटी-तिपटीने लागतात. शिवाय पंगतीचा इतिहास काही सोवळा नाही, किंवा नको तितका सोवळा आहे. कोणी कोणाच्या पंगतीला बसायचं नाही, कोणाच्या पानावर तूप जास्त, हा पंक्तिप्रपंच आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालला. बुफेच्या रांगेत तो निदान दिसत नाही. दिरांनी हा मुद्दा काढला असता तर मी गप्प बसले असते. त्यांनी ऑफिसचे लोक काढले.

परीक्षेत सर सांगतील तेच लिही, मार्क त्यांच्या हातात आहेत. घरचं कार्य असेल तर म्हाताऱ्या माणसांसाठी दोन-चार टेबलं बाजूला लावून तिथे वाढपी ठेव, बाकीच्यांना बुफे. आणि गोडाच्या प्लेटा हिशोबात धरायच्या नाहीत हे बुकिंगच्या दिवशीच हॉलवाल्याकडून लिहून घे. धाकट्या पुतण्याचं लग्न ठरलंय, हॉल अजून ठरायचाय, म्हणून हे उत्तर आमच्या घरच्या ग्रुपवरही टाकते आहे.