वाचकांचे प्रश्न : दीदी घरी येते, मग सेंटरला जायचं की नाही?

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरला नंदानगरात राहतो. नातू अडीच वर्षांचा आहे, जन्मला तेव्हा लगेच रडला नाही, डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितलं, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालीवर ताबा राहत नाही. पाय कडक, उभं धरलं की कात्रीसारखे एकावर एक चढतात. मुलगा लोडिंग रिक्षा चालवतो, सून चार घरी पोळ्या करते. थेरपीला न्यायचं म्हणजे फी, ऑटोचं भाडं आणि वर सुनेचा खाडा. आता एका संस्थेची दीदी आठवड्यातून एकदा घरी येते, म्हणते घरीच शिका, घरीच करा. सून म्हणते ही गरिबांना गप्प करायची स्वस्तातली थेरपी. खरं काय ते सांगा.

उत्तर : काकू, सुनेला शंका आली यात तिचं काही चुकलं नाही, पण पद्धत स्वस्तातली नाहीये. याला सीबीआर म्हणतात, म्हणजे समुदाय आधारित पुनर्वसन. 1978 च्या अल्मा-आटाच्या प्राथमिक आरोग्यावरच्या परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं हे उचलून धरलं, कारण हॉस्पिटलपर्यंत पोचू न शकणारी मुलं तशीच राहून जात होती. आणि जरा बघा ना, सेंटरवर पोरगं तासभर असतं, बाकी सगळा दिवस तुमच्याच हातात, त्या वेळात त्याला कसं उचलता, कसं बसवता, कसं भरवता यावर खूप काही ठरतं.

आता त्याला आडवं हातावर घेत असाल तर ते सोडा, कडेवर घ्या, दोन्ही पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना, म्हणजे पाय आपोआप फाकतात आणि तोंड जगाकडे राहतं. बसवायचं तर भिंतीच्या कोपऱ्यात, पाठीला दोन्हीकडून आधार मिळतो, आणि दोन मांड्यांच्या मधे गोधडीची गुंडाळी. भरवताना झोपवून अजिबात नको, बसवून, चमचा समोरून आणि खालून न्यायचा, वरून नेला की पोरगं मान मागे टाकतं आणि ठसका लागतो. मालिश करा, पण कडक पाय जोर लावून ओढू नका, हे मालिशवाल्या बाईंना स्पष्ट सांगा. आणि तो चाकांचा वॉकर कोणी प्रेमानं आणून दिला तरी वापरू नका, त्यात पोरं पंजांवरच ढकलत राहतात आणि पडायचीही भीती.

पण घरी करा म्हणजे डॉक्टर सोडा असं नाही हं. झटके येत असतील, प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, वजन वाढत नसेल तर लगेच दाखवा. डोळे आणि कान एकदा तपासायचेच, या मुलांमध्ये ते राहून जातं आणि मग लोक म्हणतात पोराला समजत नाही. खुब्याचा एक्सरे कधी काढायचा तेही विचारून ठेवा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे, त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणजे लवकर उपचार सुरू करायचं केंद्र असतं, आशा दीदीला तिथली चिठ्ठी मागा. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा नंबर) आणि आधार घेऊन यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज करा, मग निरामय विम्याचाही करा, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना आहे, 1 लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही धरतात.

आता सुनेबद्दल, कारण माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. चार घरच्या पोळ्या करून आलेल्या बाईला रोज तासभर व्यायाम करून घ्या असं सांगणारी दीदी मला पटत नाही. चांगली दीदी आधी विचारते की अंघोळ कोण घालतं, दुपारी पोराजवळ कोण असतं, आणि त्याच कामांमध्ये थेरपी बसवते. दुपारी तुम्ही असता ना, मग शिकायचं तुम्ही, आणि दीदी येईल त्या दिवशी मुलाला पण रिक्षा उशिरा काढायला सांगा, त्यालाही कडेवर घेता आलं पाहिजे. तीन महिन्यांनी दीदीला विचारा काय बदललं आणि आता पुढे काय, तिला सांगता येत नसेल तर फिजिओथेरपिस्टला सोबत आणायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची, बोलत नाही, चालते नीट. आंगनवाडीत म्हणतात हिला सांभाळायला आमच्याकडे माणूस नाही. (परदेशीपुरा, इंदूर)

उत्तर : असं म्हणून परत पाठवता येत नाही. दिव्यांग मुलांना आंगनवाडीत कसं ओळखायचं, कसं सामावून घ्यायचं, याचा प्रोटोकॉल केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयानं 2023 मध्येच काढलाय. आधी कार्यकर्तीशी शांतपणे बोला, तिच्यावरही कामाचा डोंगर आहे, पहिले काही दिवस घरचं कोणी सोबत बसेल म्हणा. तरी नाही म्हणाली तर सुपरवायझरकडे लेखी अर्ज द्या आणि एक कॉपी सही-शिक्क्याची आपल्याजवळ ठेवा. आणि हो, ऐकू येतं का ते आधी तपासून घ्या, थाळी वाजवून घरी नाही, ऑडिओलॉजिस्टकडे.