तीस वर्षांची यॉट ८८ हजार युरोंना: घ्यावी का?

प्रश्न: वय ४९, म्युनिकला नोकरी, पत्नीही कमावती. क्रोएशियात पुला शहराच्या मरिनात (बोटींच्या धक्क्यावर) १९९४ सालची, १३ मीटर लांबीची, दोन डिझेल इंजिनांची मोटर यॉट ८८,००० युरोंना विकायला आहे. इंजिनं ३७० हॉर्सपॉवरची, फक्त ९०० तास चाललेली. वर्षाकाठी पंचवीस दिवस बोटीवर राहू. ६०,००० युरो ईटीएफ (शेअर बाजारात विकले जाणारे फंड) विकून उभे करीन, त्यांच्या किमतीत निम्मा नफा आहे. बाकीचं कर्ज, किंवा एनआरई ठेव (अनिवासी भारतीयांची भारतातली बँक ठेव) मोडीन. मरिनाचं भाडं ७,८०० आणि विमा १,२०० धरून वर्षाला ९,००० खर्च येईल. मुलगी दोन वर्षांनी विद्यापीठात जाईल. पंचावन्नाव्या वर्षी पुण्याला परतायचा विचार आहे. घ्यावी का?

उत्तर: ही बोट घेऊ नका. समुद्राची हौस पुरवायला हरकत नाही, त्याबद्दल खाली लिहिलंच आहे. पण ही बोट, या पैशांतून, परतीला सहा वर्षं उरलेली असताना नको.

आधी त्या ९०० तासांबद्दल. तीस वर्षांत ९०० म्हणजे वर्षाला जेमतेम तीस तास. जाहिरातीत ही जमेची बाजू म्हणून दिली आहे, मला नेमकी तीच खटकली. बोटीचं डिझेल इंजिन शेवटी समुद्राच्या पाण्यावरच थंड होतं, आणि इंजिन महिनोन्‌महिने उभं राहिलं की ते खारं पाणी आतल्या भागांना खात बसतं. टर्बो इंजिनात आफ्टरकूलर, म्हणजे आत जाणारी हवा थंड करणारा भाग, असतो. त्याच्या बारीक नळ्यांच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला इंजिनात जाणारी हवा. तो दर काही वर्षांनी उतरवून, साफ करून, दाब देऊन तपासावा लागतो. टाळाटाळ झाली आणि नळीला भोक पडलं की खारं पाणी थेट सिलिंडरमध्ये. मग बिल पाच आकडी येऊ शकतं, आणि तुमच्याकडे इंजिनं दोन. विक्रेत्याला आफ्टरकूलर आणि एक्झॉस्ट एल्बो (धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप) शेवटचे कधी काढले त्याच्या पावत्या मागा. ‘सर्व्हिस नियमित केली आहे’ या तोंडी उत्तरावर विसंबू नका.

तुमचे ९,००० हा बोट नुसती बांधून ठेवायचा खर्च झाला. तिला दरवर्षी पाण्याबाहेर काढून तळ धुवायचा, शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून रंग द्यायचा, झिंकचे ॲनोड (गंज स्वतःवर घेणारे तुकडे) बदलायचे: २,५०० धरा. दोन्ही इंजिनं आणि जनरेटरची सर्व्हिस, इम्पेलर (पाणी खेचणाऱ्या पंपाचं चक्र), फिल्टर, तेल: ३,०००. ३७० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं वेगात पळवलीत तर तासाला ११० लिटरच्या आसपास डिझेल पितात. तीस तास आणि लिटरला दीड युरो धरला तरी ५,००० गेले. (आठ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे पंधरा किलोमीटरने, रमतगमत गेलात तर हाच आकडा खूप खाली येतो, पण मग एवढी इंजिनं घ्यायचीच कशाला?) याशिवाय मोडतोडीसाठी निदान ६,००० बाजूला हवेत, कारण या वयात डिझेलच्या टाक्या, रबरी पाइप, एसी, सागवानी डेक, वायरिंग यांतलं काही ना काही दरसाल निघणारच. बेरीज २५,५००. तुम्ही वर्षाकाठी पंचवीस दिवस बोटीवर राहाल असं लिहिलंय, म्हणजे दिवसाला हजार युरोंच्या वर. म्युनिक-पुला गाडीचं पेट्रोल आणि टोल वेगळा.

लोक इथेच फसतात. जुनी मर्सिडीज स्वस्तात मिळते, पण तिचे सुटे भाग मर्सिडीजच्याच भावात घ्यावे लागतात. बोटीचंही तसंच. मरिना मीटरवर पैसे घेते, मेकॅनिक तासावर. बोट तुम्ही कितीला घेतलीत हे कोणी विचारत नाही.

आता पैसा कुठून येणार ते. तुमच्या ईटीएफच्या किमतीत निम्मा नफा आहे. ६०,००० चे युनिट विकले तर ३०,००० नफा. इक्विटी ईटीएफ म्हणून त्यातला ३० टक्के करमुक्त, दोघांची मिळून २,००० ची सवलत वजा, उरलेल्यावर २६.३७५ टक्के. सुमारे ५,००० युरो कर. म्हणजे हातात साठ नव्हे, पंचावन्नच येतील आणि कर्ज तेवढं फुगेल. एनआरई ठेव मोडायचाही विचार तुम्ही लिहिलाय. ते करू नका. पुण्याला परतल्यावर तोच पैसा हाताशी लागेल. आणि तिचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी जर्मनीत राहताना तिथल्या विवरणपत्रात दाखवावंच लागतं. दाखवत नसाल तर बोटीआधी ते निस्तरा.

कागदपत्रांत दोन गोष्टी. एक, या बोटीवर युरोपीय संघात व्हॅट भरल्याचा पुरावा. क्रोएशिया संघात आला १ जुलै २०१३ ला, त्यामुळे बोट त्याआधी कुठे होती, हा प्रश्न उरतोच. पुरावा नसेल तर उद्या कस्टम्स तो कर तुमच्याकडूनच मागू शकतं, आणि क्रोएशियात व्हॅट २५ टक्के आहे. दुसरी, सीई खूण, म्हणजे बोट युरोपीय सुरक्षा नियमांत बसते याची खूण. १६ जून १९९८ पूर्वी युरोपीय संघात वापरात असलेल्या बोटीला ती लागत नाही, पण बोट नंतर बाहेरून आणली असेल तर लागते. दलाल ‘कागद मिळतील’ म्हणाला तर मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.

पंचावन्नाव्या वर्षी ही बोट छत्तीस वर्षांची असेल. जुन्या बोटींना विमा कंपन्या नवा सर्व्हे (तज्ज्ञाची तपासणी) मागतात, काही तर घेतच नाहीत, आणि गिऱ्हाईक यायला दोन-दोन उन्हाळे जातात. तोवर भाडं तुमचंच. परतीची तारीख ठरलेल्या माणसाला नाइलाजाने पडेल भावात विकावं लागतं.

हौसेला मोल नसतं हे मान्य, म्हणून असं करा. पुढचे दोन उन्हाळे जून किंवा सप्टेंबरात दोन-दोन आठवडे याच मापाची बोट भाड्याने घ्या. डिझेलसकट वर्षाला साधारण १२,००० युरो लागतील. म्हणजे २५,५०० च्या निम्म्याहून कमी, आणि नळी फुटली तर बिल मालकाचं. समुद्रात बोट चालवण्याचा जर्मन परवाना आणि रेडिओचा दाखला याच काळात काढून ठेवा. मुलीच्या पहिल्या वर्षाचा खर्च कळल्यावरही मन तिकडेच ओढत असेल, तर एका डिझेल इंजिनाची नऊ मीटरची बोट बघा, ती कर्ज न काढता, पगारातून साठवलेल्या पैशांत. तेव्हाही आधी स्वतंत्र सर्व्हेयर लावा. बोट पाण्याबाहेर काढून तळातला ओलावा मोजायचा, इंजिनचं तेल तपासायला पाठवायचं आणि समुद्रात पूर्ण वेगात चालवून बघायचं. हा खर्च विकत घेणाऱ्याचाच असतो. दलालाने सुचवलेला सर्व्हेयर घेऊ नका.