नाटकात नवीन असलेल्या मुलीला यश आणि प्रेम दोन्ही मिळू शकते का?

तुम्ही लिहिले आहे की बेळगावात हौशी रंगभूमीवर तुम्ही नुकतीच कामे करू लागला आहात, नायकाचे काम करणाऱ्या तरुणाची तुम्हाला ओढ वाटते, आणि 'खरे प्रेम असल्याशिवाय प्रेमाचा प्रवेश रंगत नाही' असे तुमचे दिग्दर्शक सांगतात. त्या वाक्यामुळेच मी हे उत्तर लिहीत आहे. तरुणपणी खानापूर तालुक्यातील एका गावात मी ते ऐकले आहे आणि ते खोटे आहे.

जत्रेच्या नाटकात नायिकेसाठी बाहेरून पैसे देऊन नटी आणायची, ही आपल्याकडील रीत तुम्हाला ठाऊकच असेल. त्या वर्षी मात्र तसे न करता माझी निवड झाली होती. तालमी सुरू झाल्यावर नायक गजरे आणू लागला, घरापर्यंत सोबत येऊ लागला. मी त्याला स्पष्ट नकार दिला, तेव्हा दिग्दर्शकांनी सर्वांसमक्ष सांगितले की माझ्या मनातच प्रेम नसल्यामुळे प्रवेश कोरडा होतो. जत्रा तोंडावर आली असताना माझी भूमिका काढून घेण्यात आली, मला नायिकेच्या बहिणीचे काम मिळाले आणि कोल्हापूरकडील एका नटीला नायिकेच्या कामाची सुपारी, म्हणजे आगाऊ बोलावणे, दिली गेली.

त्या बाई प्रयोगाच्या दिवशी दुपारी आल्या. नायक कोणत्या विंगेतून येतो, कोणते वाक्य गिळतो, कुठे थांबतो, एवढेच त्यांनी त्याला विचारले आणि माइक कुठे टांगले आहेत ते पाहून घेतले. रात्री मी विंगेत उभी राहून त्यांचे काम पाहत होते. त्याचे वाक्य पूर्ण होऊ देत, मग श्वास घेत, आणि त्यानंतरच नजर वर उचलत. ती नजरही त्याच्या डोळ्यांवर नव्हे, कपाळावर असे. पुढे बसलेल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. नाटक संपल्यावर बाईंनी रंग पुसला, नाईटचे, म्हणजे त्या प्रयोगाचे, पैसे मोजून घेतले आणि त्या पहाटेच्या गाडीने निघून गेल्या. नायकाचे आडनावही त्यांना ठाऊक नव्हते. तरीही दिग्दर्शक मला म्हणाले, "बघ, याला जीव ओतणे म्हणतात."

तेव्हा मी गप्प राहिले. त्यांना द्यायचे उत्तर आज तुम्हाला देते. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. 1880 मध्ये पुण्यात त्यांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हा शकुंतला पुरुषानेच केली होती, आणि पुढे बालगंधर्वांच्या नायिकांवर सारा महाराष्ट्र भाळला. त्या नायिकांचे प्रेम खरे वाटावे म्हणून कोणी नायकाच्या प्रेमात पडले नव्हते. ते गळ्यातून, श्वासातून आणि तालमीतून आले होते. ज्याला हे शिकवता येत नाही, तो दिग्दर्शक मुलीच्या मनाकडे बोट दाखवतो.

म्हणून यशासाठी आधी आवाज कमवा, समोरच्याची वाक्येही पाठ करा आणि कन्नड बोलायला शिका. सीमाभागात राहून कन्नड नाटकातील भूमिका केवळ भाषेच्या वादामुळे नाकारणे मला मुळीच पटत नाही. कन्नड रंगभूमीवरील एणगी बाळप्पांसारखा थोर नट याच मातीत झाला. मानधन प्रयोगापूर्वी ठरवा. 'मुलगी गावातलीच आहे' म्हणून पैसे बुडवणारे पुष्कळ भेटतात.

प्रेमाविषयी माझे मत असे की नाटक उतरल्यावर, तालमी नसताना, तो कसा वागतो ते पाहिल्याशिवाय काहीही ठरवू नये. माझे यजमान कधी रंगमंचावर चढले नाहीत. ओळख झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो प्रयोग मध्यरात्रीनंतर संपतो, मग तुम्ही घरी कशा परतता, हा. आणि पुढे अनेक वर्षे मला आणायला ते स्वतः आले.

तुमचा तरुण कसा आहे हे मला माहीत नाही. तो चांगलाही असेल. तालमीत जमलेली आणि सुखाने नांदणारी जोडपी मी पाहिली आहेत, त्यामुळे केवळ माझ्या अनुभवावरून त्याला नाकारू नका. परंतु त्याला होकार दिल्याने भूमिका मिळणार असेल किंवा नकार दिल्याने ती जाणार असेल, तर ती मंडळी त्याच दिवशी सोडा. नाटक करणारे लोक शहापुरात आहेत, टिळकवाडीत आहेत, निपाणीतही आहेत.