अमर्याद जादू, बारावी आणि सीईटी

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहतो, बारावी सायन्सला आहे. आम्ही पाच मित्र दर रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचायचा खेळ खेळतो, डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा मी असतो. त्यावरचा व्हिडिओ गेम 'बाल्डर्स गेट ३' पात्राच्या बाराव्या लेव्हलला थांबतो, खरी मोठी जादू राहूनच जाते. मला विसाव्या लेव्हलपर्यंतचे सगळे स्पेल, म्हणजे मंत्र, असलेला गेम करायचाय. बाबा म्हणतात, आधी सीईटी दे. इंजिनिअरिंग करू की गेम डिझाइनचा कोर्स?

उत्तर : कोर्सचं नंतर बघू, आधी तुझी तक्रार. पात्राची बारावी लेव्हल म्हणजे सहाव्या पातळीपर्यंतचे स्पेल (स्पेलची पातळी वेगळी मोजतात). पुढचे आळसानं गाळलेले नाहीत. टेबलावर कुणी 'विश' हा हवं ते मागण्याचा स्पेल टाकून म्हणालं, "हा राजा कधी जन्मलाच नव्हता", तर तू दोन मिनिटं डोकं खाजवतोस आणि गोष्ट पुढे नेतोस. गेममध्ये ते सगळं कुणीतरी आधीच लिहून, रंगवून, आवाज देऊन ठेवलेलं लागतं. तुझ्याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'त सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं गद्य बोलणं ऐनवेळी जुळवायची. तुमचा रविवार त्या जातीचा. व्हिडिओ गेम म्हणजे बांधीव संहिता, त्यात प्रेक्षक रंगमंचावर चढून वाटेल ते दार उघडणार.

गंमत अशी की मोठी जादू आणि अवघड जादू एकच नव्हे. 'टाइम स्टॉप' नवव्या पातळीचा, पण 'बाल्डर्स गेट २'नं तो केव्हाच करून दाखवला : बाकीचे सगळे गोठवायचे, जादूगार मोकळा. उलट 'स्पीक विथ डेड' तिसऱ्या पातळीचा, आणि त्यासाठी बोलणाऱ्या प्रत्येक प्रेताची उत्तरं लिहीत बसावं लागतं. 'विश'चं काय केलं? त्या जुन्या गेममध्ये इच्छा पुरवणारा जिन्न येतो, मोजके पर्याय पुढे ठेवतो. जादूगाराचं विस्डम, म्हणजे शहाणपणाचा आकडा, कमी असेल तर पर्यायही गोत्यात आणणारे. अमर्याद इच्छेचा मेन्यू केला आणि त्या मेन्यूला स्वभाव दिला. मला हे फार हुशारीचं वाटतं. इंद्रासनाऐवजी निद्रासन मागून बसलेला कुंभकर्ण आपल्याला नवा थोडाच आहे!

या कामाला सिस्टिम डिझाइन म्हणतात, आणि ते जमतं का हे आत्ताच तपासता येतं. सगळे स्पेल नकोत, एक घे. समजा 'टेलिपोर्ट', क्षणात दुसरीकडे पोचण्याचा. गेम बनवायचं गोडो हे सॉफ्टवेअर (इंजिन) फुकट आहे. एक वाडा, दोन कुलपं, एक पहारेकरी. मित्राच्या हातात दे आणि शेजारी गप्प बस (डीएमला हे जड जातं), तो काय काय मोडतो ते लिहून ठेव. मुलाखतीत मार्कशीटपेक्षा ही वही जास्त बोलते.

आता बाबांचा मुद्दा. माझं मत त्यांच्या बाजूनं आहे. कॉम्प्युटर शाखेला गेलास तर कल्पना स्वतःच्या हातानं उभी करता येईल, आणि वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज तर विश्रामबागेतच आहे. डिझाइनची ओढ जास्त असेल तर आयआयटी मुंबईच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा दे; परीक्षा जानेवारीत, फॉर्म काही महिने आधी निघतात. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा डिजिटल गेम डिझाइन अभ्यासक्रम बंगळुरूला आहे, पण तो पदवीनंतरचा. लाखांची फी सांगणाऱ्या खासगी कोर्सवाल्यांना एवढंच विचार : तुमच्या मुलांनी पूर्ण केलेले गेम दाखवा.

सीईटीपर्यंत रविवारचा खेळ महिन्यातून एकदा ठेवा. आणि त्यातल्या एका रविवारी बाबांनाही टेबलाशी बसव, एखादं पात्र दे.