बाळाची एक गोटी खाली उतरलेली नाही. वयात येईपर्यंत थांबावं का?

तुमचं बाळ सात महिन्यांचं, पूर्ण दिवसांचं, उजवी गोटी (वृषण) पिशवीत लागत नाही आणि आजी म्हणताहेत, "वयात आला की आपोआप उतरेल." मी बालरोगतज्ज्ञ आहे. माझं उत्तर एकच: थांबू नका, याच महिन्यात लहान मुलांच्या सर्जनला दाखवा.

आपण समजतो की पोराचे हार्मोन्स वयात येतानाच पहिल्यांदा जागे होतात. तसं नाही. जन्मानंतर वारेचे हार्मोन्स बंद झाले की बाळाच्या मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी कामाला लागते, आणि पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात टेस्टोस्टेरॉन वयात येणाऱ्या मुलांच्या जवळपास जातं. आम्ही याला मिनी प्युबर्टी म्हणतो. मागे राहिलेल्या बऱ्याचशा गोट्या याच काळात खाली येतात. सहा महिन्यांपर्यंत हा जोर ओसरतो आणि पुढे कित्येक वर्षं सगळं शांत असतं. म्हणून सहा महिन्यांनंतर आपोआप उतरण्याची आशा फारशी उरत नाही. (बाळ अपुऱ्या दिवसांचं असतं, तर हे सहा महिने मूळच्या तारखेपासून मोजले असते.)

तोवर नुकसान मात्र चालू असतं. पिशवीतलं तापमान पोटातल्यापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी असतं. शुक्राणू ज्या पेशींपासून पुढे बनायचे, त्यांना ही थंडाई लागते. वर उबेत राहिलेल्या गोटीत त्या पेशी हळूहळू कमी होत जातात. शिवाय पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. स्वीडनमध्ये गोटी खाली आणण्याचं ऑपरेशन झालेल्या सुमारे १७,००० पुरुषांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३ वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांना हा धोका इतरांच्या दुपटीहून थोडा जास्त होता, नंतर झालेल्यांना पाचपटीहून जास्त. मूळ प्रमाण फार कमी असतं, त्यामुळे घाबरू नका, पण फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

आजींचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. काही मुलांची गोटी थंडीने किंवा हात लागताच स्नायूने वर ओढली जाते. ती वयात येताना खरंच खाली स्थिरावते. घरी बघायचं तर गरम पाण्याच्या अंघोळीनंतर, बाळ शांत असताना, हात ऊबदार करून बघा. एका हाताची बोटं जांघेवरून पिशवीकडे अलगद सरकवा. गोटी खाली आली आणि थोडा वेळ तिथेच राहिली, तर ती या प्रकारातली असू शकते. तरीही डॉक्टरांकडून खात्री करून घ्या आणि दरवर्षी तपासून घ्या, कारण अशी गोटीही कधीकधी वर जाऊन बसते.

आधी सोनोग्राफी करून घेण्याची सहसा गरज नसते. अनुभवी हाताला त्याहून जास्त कळतं. हार्मोनची इंजेक्शनं कुणी सुचवली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. ऑपरेशन बाळ दीड वर्षाचं होण्याच्या आत व्हावं. भूल पूर्ण देतात, पण जांघेत गोटी लागत असेल तर बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. एकच गोटी वर असलेल्या मुलांना मोठेपणी बाप होण्यात सहसा अडचण येत नाही.

जांघेत अचानक फुगवटा आला, बाळ कळवळून रडू लागलं किंवा उलट्या झाल्या, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इस्पितळ गाठा. हर्निया अडकलेला किंवा गोटीला पीळ पडलेला असू शकतो, आणि पीळ असेल तर हातात मोजके तास असतात.