खांदा शिवल्यावर पाचव्या आठवड्यात पीआरपी घ्यावी का?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ५८ वर्षांचे, दारव्हा तालुक्यात कोरडवाहू शेती. उजव्या खांद्याचा सुप्रास्पायनॅटस टेंडन (हात वर उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) अडीच सेंटिमीटर फाटला होता, पाच आठवड्यांपूर्वी नागपूरला दुर्बिणीतून शिवला. शुगर आहे, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सुटलेला नाही. आता जवळच्या शहरात सांगितलं की स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीची (प्लेटलेट्स दाट केलेल्या रक्तद्रवाची) तीन इंजेक्शनं घ्या, टेंडन लवकर जुळेल. घ्यावी का?

माझं मत: आत्ता घेऊ नका. कारण नीट समजून घ्या, कारण उद्या कोणी स्टेम सेलचं (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींचं) सांगेल तेव्हाही हेच कामी पडेल.

ऑपरेशनमध्ये टेंडनची फाटलेली कड दंडाच्या हाडावर ओढून आणतात आणि हाडात बसवलेल्या अँकरच्या (छोट्या खिळ्याच्या) दोऱ्यांनी दाबून बांधतात. दोरे फक्त धरून ठेवतात, जुळायचं काम शरीर करतं. आधी काही दिवस सूज, मग काही आठवडे कच्चं कोलॅजन (टेंडनचे तंतू ज्याचे बनतात ते प्रथिन), आणि पुढे कित्येक महिने ते पक्कं होत राहतं. मूळचा टेंडन हाडात थराथराने मिसळलेला असतो. शिवल्यावर तसा जोड परत तयार होत नाही, व्रणासारख्या पेशीजालाने तो चिकटतो. म्हणून तो कमजोर असतो, आणि पुन्हा फाटण्याचे बहुतेक प्रकार पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होतात.

पीआरपीमागची कल्पना चुकीची नाही. प्लेटलेट्समध्ये पेशींना वाढीचा निरोप देणारे घटक असतात, ते जखमेच्या जागी जास्त मिळाले तर जोड चांगला व्हावा. पण प्लेटलेट्स सक्रिय झाल्या की हा साठा बहुतेक पहिल्या काही तासांतच बाहेर पडतो. त्यामुळे तो नेमका टेंडन आणि हाड यांच्या मधे, ऑपरेशनच्या टेबलावरच पडायला हवा. जिथे फायदा दिसला, तिथे बहुतेक वेळा असंच केलेलं आहे. कोरियात मोठ्या फाटीवर टेबलावरच पीआरपी जेल लावलं तेव्हा पुन्हा फाटण्याचं प्रमाण २० टक्के राहिलं, न लावलेल्यांत ५५.६ टक्के. कर्नाटकातल्या मणिपालच्या २०१६ च्या अभ्यासातही फरक दिसला, पण मुख्यतः मोठ्या फाटीत. तुमच्या बाबांची अडीच सेंटिमीटर म्हणजे मध्यम.

ऑपरेशननंतर बाहेरून इंजेक्शन देण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियात नेमका झालाय. साठ रुग्ण, अर्ध्यांना सातव्या आणि चौदाव्या दिवशी सोनोग्राफीत बघून पीआरपी दिली. सोळाव्या आठवड्याच्या एमआरआयमध्ये टेंडन जुळण्यात फरक नाही, हाताच्या कामातही नाही. तुम्हाला तर पाचव्या आठवड्यात सांगताहेत. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनाचा सूरही असाच आहे: द्रवरूप पीआरपीने पुन्हा फाटणं कमी होतं असा थोडा पुरावा आहे, पण रुग्णाला स्वतःला जाणवणाऱ्या फायद्यासाठी सरसकट वापरू नये.

स्टेम सेलबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. फ्रान्समधला २०१४ चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो: कमरेच्या हाडातला मगज (त्यात स्टेम सेल असतात) ऑपरेशनच्या वेळीच दिला, दहा वर्षांनी ८७ टक्के टेंडन शाबूत, न दिलेल्यांत ४४ टक्के. आकडे भारी आहेत, पण कोणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवून केलेली तुलना नव्हती, आणि तेही टेबलावर दिलेलं. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठराविक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मंजूर चाचणीबाहेर स्टेम सेल देणं नैतिक मानलेलं नाही. चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की उठून या.

आता खरी भीती. खांदा दुखतो म्हटलं की सुईत नेमकं काय भरलंय हे न सांगता टोचून देणारे तालुक्याच्या ठिकाणी भेटतात. स्टिरॉइड असेल तर दोन दिवसांत आराम पडतो, पण जुळत्या टेंडनला पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ते मानवत नाही, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि बाबांची शुगरही चढते. ओळख अशी: पीआरपी पिवळसर किंवा तांबूस असते आणि तुमच्यासमोर रक्त काढूनच बनते. दुधासारखं पांढरट औषध दिसलं तर ते बहुधा साठून राहणारं स्टिरॉइड असतं. काही स्टिरॉइड पाण्यासारखी स्वच्छही असतात, म्हणून बाटलीवरचं नाव वाचा आणि केसपेपरवर लिहून घ्या. शिवणाऱ्या सर्जनला फोन केल्याशिवाय या खांद्यात कुठलीच सुई नको.

सर्जनने स्वतःच काही कारणाने पीआरपी सुचवली, तर पद्धत बघून घ्या. एका वेळचं निर्जंतुक किट हवं. साधारण ३० मिलि रक्तातून ३ ते ५ मिलि पीआरपी निघते. आधी हळू फिरवून लाल पेशी खाली बसवतात, मग वरचा भाग वेगाने फिरवून प्लेटलेट्स गोळा करतात. एकदाच फिरवून वरचं पिवळं पाणी भरलं तर प्लेटलेट्स किती आल्या याचा भरवसा नाही. प्लेटलेट काउंट आधी बघा, विशेषतः नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर. आदल्या आठवड्यात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत, कारण त्या प्लेटलेट्सचं काम दाबतात. पॅरासिटामॉल चालतं. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आणि सुई सोनोग्राफीत बघूनच जावी, अंदाजाने नको.

हे तीन इंजेक्शनांचे पैसे दुसरीकडे जास्त कामी येतील. पहिलं म्हणजे खर्रा. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि टेंडनची ती कड मुळातच कमी रक्ताची जागा आहे. ओढणं नाही, चघळणं आहे म्हणून चालतं असं नाही. निदान तीन महिने पूर्ण बंद, सुपारीच्या नावाखालीही नाही. दुसरं शुगर: एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) करून घ्या. आठच्या वर असेल तर जोडाचं काम रेंगाळतं, आधी फिजिशियनकडे जा. जेवणात डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे रोज असू द्या.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: वावर, म्हणजे शेतातलं काम. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुखणं कमी होतं आणि माणसाला वाटतं खांदा बरा झाला. जोड मात्र तेव्हा कच्चाच असतो. हात अडकवायचा बेल्ट सर्जनने सांगितलेल्या दिवसापर्यंत, म्हणजे सहसा चार ते सहा आठवडे, झोपतानाही. सहा आठवड्यांपर्यंत हात दुसऱ्याने किंवा डाव्या हाताने उचलायचा, स्वतःच्या जोरावर नाही. मग काठी, दारावरची दोरी-पुली यांचा आधार घेत हळूहळू स्वतःची हालचाल. ताकदीचे व्यायाम बारा आठवड्यांनंतर. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की सोळा किलोच्या वर जातो, पट्टा थेट खांद्यावर येतो आणि तोच हात दांडा मारतो. तो, डवरण, विहिरीतून बादली ओढणं, कडब्याची पेंढी डोक्यावर घेणं, हे सहा महिन्यांच्या आत नाहीच. एसटीत उभं राहून वरची दांडी उजव्या हाताने धरू नये. गाडीने ब्रेक मारला की सगळं वजन त्याच टाक्यांवर येतं. मालिशवाल्याकडून खांदा ओढून मोकळा करून घेणंही नको.

नागपूरची फेरी दर आठवड्याला परवडत नसेल तर फिजिओकडून पुढच्या तीन आठवड्यांचे व्यायाम फोनवर व्हिडिओ काढून घ्या आणि घरचा एक माणूस ठरवा, जो रोज तेच करून घेईल.

दुर्बिणीच्या छिद्रांतून पाणी येत असेल, किंवा कमी झालेलं दुखणं परत वाढत चाललं असेल, तर ताप नसला तरी लगेच सर्जनकडे जा. खांद्यात कधीकधी संथ वाढणारा जंतू असतो. त्याचं कल्चर (नमुन्यात जंतू वाढतो का ते बघणारी तपासणी) १४ दिवस ठेवावं लागतं, तीन दिवसांचा निगेटिव्ह रिपोर्ट पुरेसा नाही.

तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान सोनोग्राफी सांगतील, ती टाळू नका. त्यात थोडी फाट परत दिसली तरी घाबरून सुईकडे धावू नका. टेंडन पूर्ण जुळला नाही तरी अनेकांचं दुखणं कमी झालेलं असतं आणि हात वर जातो. तेव्हा ऑपरेशनआधीचा एमआरआय सोबत न्या आणि स्नायूत चरबी किती शिरली होती ते सर्जनला विचारा. पुन्हा शिवण्यात अर्थ आहे की व्यायामावरच भागवायचं, हे त्यावर बरंच ठरतं.