आधी अक्षर, मग अर्थ : मुलींच्या अरबी नावांविषयी वाचकांचे प्रश्न

मुलींच्या अरबी नावांबद्दल या वेळी इतके प्रश्न आले की निवडताना दमछाक झाली. काही मुस्लिम घरांतून आले, काही हिंदू आणि ख्रिस्ती घरांतून. जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच तक्रार होती : इंटरनेटवर एका नावाचे चार अर्थ सापडतात, त्यातला खरा कुठला? वर्गात अरबी शिकवताना मी जे सांगते तेच इथेही सांगेन. नाव अरबी लिपीत कसं लिहितात ते आधी बघा, अर्थ मग.

मुलीचं नाव ‘सना’ ठेवायचं ठरलंय. एका यादीत अर्थ ‘स्तुती’ दिलाय, दुसरीत ‘तेज’, आणि सासरे म्हणतात ती येमेनची राजधानी आहे. (पुणे)

तिघांचंही बरोबर आहे, कारण ती तीन वेगळी नावं आहेत. आपल्या ‘स’च्या जागी अरबीत तीन अक्षरं आहेत. उर्दू शिकलेल्यांना ती ‘से’, ‘सीन’ आणि ‘स्वाद’ या नावांनी माहीत असतात. ‘से’ने लिहिलेलं सना म्हणजे स्तुती, अरब माणूस ते जीभ दातांत धरून ‘थना’च्या जवळपास उच्चारतो. ‘सीन’ने लिहिलेलं सना म्हणजे तेज, लखलखाट. राजधानीचं नाव ‘स्वाद’ने सुरू होतं आणि त्याच्या पोटात ‘ऐन’ हे घशातून काढायचं अक्षर आहे, ज्याला देवनागरीत जागाच नाही. मराठीत आलो की तिन्ही एकाच ‘सना’त मिसळतात.

‘सबा’चंही तसंच. ‘स्वाद’ने लिहिलं तर पूर्वेकडून येणारी झुळूक, ‘सीन’ने लिहिलं तर येमेनमधलं प्राचीन राज्य, मराठी बायबलात जिथल्या राणीला ‘शबाची राणी’ म्हटलंय ते.

जन्मदाखल्यावर ‘सना’च येणार, त्यात फरक पडत नाही. पण तुम्ही कुठल्या सनाला होकार दिलात ते आताच ठरवा आणि बाळाच्या वहीच्या पहिल्या पानावर अरबी अक्षरांत लिहून ठेवा. ती मोठी झाली की विचारेलच.

माझ्या आजीचं नाव खतिजा. भाच्यानं मोबाइलवर अर्थ शोधला तर ‘दिवस भरण्याआधी जन्मलेली’ असं आलं. आजी दोन दिवस गप्प होती. हे खरं आहे का? (दापोली)

खरं आहे, पण आजींना गोष्ट अर्धीच सांगितली गेली. उरलेली अर्धी त्यांना वाचून दाखवा.

अरबी शब्द बहुधा तीन मूळ अक्षरांवर उभा असतो. खतिजा म्हणजे मूळ अरबी ‘खदीजा’, आणि तिची अक्षरं ख-द-ज. उंटीण दिवस भरण्याआधी व्याली की या धातूचं क्रियापद वापरत. वाळवंटात राहणाऱ्या टोळ्यांचं सगळं जगणं उंटांवर होतं, त्यामुळे त्यांची नावंही तिथूनच आली. ‘फातिमा’ घ्या : फ-त-म म्हणजे बाळाचं अंगावरचं दूध तोडणं, आणि फातिमा म्हणजे दूध तोडणारी. मला ही दोन्ही नावं फार जवळची वाटतात. त्यांत हिरे-मोती नाहीत, राणीपण नाही. बाळंतपण आहे, दूध आहे, बायकांनी रात्री जागून सांभाळलेलं बाळ आहे. आपल्याकडेही ‘सातमाशी’ म्हणताना आवाजात काळजी असते आणि पोर जगली याचा आनंदही असतो.

दुसरं म्हणजे, नावाचा अर्थ शब्दकोशात सुरू होतो, पण तिथेच थांबत नाही. भिकाजी नावाच्या माणसाला हाक मारताना कुणाच्या मनात भीक येते का? मक्केच्या खदीजा या स्वतःचा व्यापार चालवणाऱ्या बाई होत्या. त्यांचा माल काफिल्यांबरोबर शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाकडे जात असे. त्यांनी मुहंमद पैगंबरांना आधी कामावर नेमलं, मग त्यांच्याशी लग्न केलं, आणि पैगंबरांवर सर्वांत आधी विश्वास ठेवला तो त्यांनीच. चौदाशे वर्षं आई-वडील मुलीचं नाव खदीजा ठेवतात ते या बाईंसाठी. आजींचंही त्यांच्यावरूनच ठेवलं असणार.

‘द’चा ‘त’ झाला म्हणून आजींचं नाव अशुद्ध ठरत नाही. तुर्कस्तानात ते ‘हातिजे’ होतं, नायजेरियाच्या हाउसा लोकांत ‘हदिझा’, केरळात ‘कदीजा’. प्रत्येक किनाऱ्यानं ते आपल्या जिभेवर घोळवून घेतलं. ‘आयशा’नं तर आणखी लांबचा प्रवास केला. तिची मूळ अक्षरं जगण्याची, म्हणून आयशा म्हणजे जिवंत, जगणारी. मराठीतला ‘ऐषआराम’मधला ऐष त्याच घरचा. हेच नाव पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत ‘आशा’ झालं. टांझानियाच्या आशा-रोझ मिगिरो २००७ ते २०१२ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या उपमहासचिव होत्या. बातम्यांत ते नाव वाचून अनेक मराठी माणसांना आपली आशा आठवली असेल. ती आयशा आहे.

आम्ही कॅथलिक. माझ्या आईचं नाव फातिमा. शाळेत मला नेहमी विचारायचे, तुझी आई मुसलमान का? आजही नेमकं उत्तर देता येत नाही. (वसई)

उत्तर पोर्तुगालमध्ये आहे. त्या देशाच्या मध्यभागी फातिमा नावाचं गाव आहे. १३ मे १९१७ रोजी आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला तिथल्या तीन मेंढपाळ मुलांना मेरीमातेचं दर्शन झालं, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. तेव्हापासून ती ‘फातिमा माता’ झाली, आणि वसई-गोव्यातल्या मुलींना तिचं नाव मिळू लागलं.

मग ख्रिस्ती देशातल्या गावाचं नाव फातिमा कसं? आठव्या शतकापासून कित्येक शतकं त्या भूमीवर अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं. गावात दंतकथा सांगतात ती फातिमा नावाच्या, पकडून आणलेल्या आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या मुस्लिम तरुणीची. दंतकथा बाजूला ठेवली तरी नाव अरबीच आहे. स्पेनमध्ये माद्रिदच्या मुली ‘अल्मुदेना’ हे नाव लावतात, शहराच्या मेरीमातेवरून. तेही अरबी ‘अल्-मुदैना’, म्हणजे छोटी गढी.

उलट दिशेनंही नाव गेलंय. तुमच्या पॅरिशमधली मारिया आणि कोकणातल्या मुस्लिम घरातली मरियम एकच. मूळ हिब्रू नाव अरबीत मरियम झालं. कुराणात नावानं उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री आहे, आणि एकोणिसाव्या अध्यायाला तिचंच नाव आहे. पुन्हा कुणी विचारलं तर आईचं नाव अभिमानानं सांगा. ते दोन्ही घरांचं आहे.

बीबी का मकबऱ्यात जिची कबर आहे तिचं नाव दिलरस बानू. मग ‘राबिया-उद्-दौरानी’ हे काय? आणि कुठे उद्, कुठे उन्, कुठे उल्, असं का? (छत्रपती संभाजीनगर)

राबिया-उद्-दौरानी हा किताब आहे : ‘या युगाची राबिया’. दिलरस बानू १६५७ मध्ये वारल्या. त्यांची तुलना केली आहे ती आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या राबियाशी, सूफी परंपरेतल्या पहिल्या थोर स्त्रीशी.

आणि राबियाचा अर्थ काय? ‘चौथी’. एवढाच. आख्यायिका अशी की घरात आधीच तीन मुली होत्या आणि ही जन्मली त्या रात्री दिव्याला घालायला तेल नव्हतं. बापानं नुसती गिनती केली, चौथी. हे वाचताना मला दर वेळी साताऱ्याच्या ‘नकुशा’ आठवतात, २०११ साली ज्यांची नावं बदलण्याचा सरकारी कार्यक्रम झाला त्या. बसऱ्याच्या मुलीचं नाव कुणी बदललं नाही. तिनं त्या आकड्याला इतकं मोठं केलं की नऊ शतकांनंतर दख्खनमध्ये एका बादशहाच्या बेगमेला गौरव म्हणून तो आकडा मिळाला. नावाचा अर्थ ‘चौथी’ निघाला म्हणून ‘राबिया’ नाकारणारे पालक मला भेटतात, तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगते. बरेच जण मन बदलतात.

आता उद् आणि उन्. अरबीत ‘अल्’ हे उपपद शब्दाच्या आधी लागतं. अठ्ठावीस अक्षरांपैकी चौदा अक्षरांपुढे त्यातला ‘ल’ विरघळतो आणि पुढच्या अक्षरासारखा होतो. त्यांना सूर्याक्षरं म्हणतात, बाकीची चौदा चंद्राक्षरं. ‘न’ सूर्याक्षर, म्हणून निसा (स्त्रिया) या शब्दाआधी ‘उन्’ : मेहरुन्निसा, खैरुन्निसा. ‘द’ सूर्याक्षर, म्हणून उद्-दौरानी. ‘ऐन’ चंद्राक्षर, म्हणून ‘ल’ तसाच राहतो : कुर्रतुलऐन, डोळ्यांचा थंडावा. दिलरस बानूंची मुलगी झेबुन्निसा १६३८ मध्ये तुमच्याच शेजारी दौलताबादला जन्मली. तिच्या नावातला ‘झेब’ (दागिना) फारसी आणि ‘निसा’ अरबी. हिंदुस्थानात घडलेली अशी जोडनावं बगदादच्या माणसाला नवखी वाटतात. तो आपल्याकडचा दागिना आहे.

आमिना की अमीना? आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आहे. (महाड)

दोन्ही खरी नावं आहेत, पण वेगळी. आमिना म्हणजे निर्धास्त, सुरक्षित. पैगंबरांच्या आईंचं नाव हेच. अमीना म्हणजे विश्वासू. अमीन आणि अमानत त्याच धातूचे. ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालं की माणूस बदलतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की नाव कुणावरून ठेवलं होतं, आणि मग दोन्ही कागद एकसारखे करून घ्या. आखातात नोकरीला जायचं असेल तर आधीच करा, कारण तिथे नाव अरबीत लिहिताना कारकुनाला दोन वेगळी माणसं दिसतील.

‘रझिया’बद्दल नागपूरहून आलेला प्रश्नही याच जातीचा आहे : अरब लोक ‘रदिया’ का म्हणतात? त्या नावातलं मधलं अक्षर अरब जड ‘द’सारखं उच्चारतात आणि फारसी-उर्दूत ते ‘झ’ होतं. म्हणूनच त्यांचा रमदान आणि आपला रमझान. दिल्लीच्या तख्तावर १२३६ ते १२४० राज्य करणाऱ्या रझिया सुलतानाच्या नावातही हाच धातू आहे, संतोषाचा आणि संमतीचा. मराठीत आपण तो रोज बोलतो : राजी, रजा, राजीनामा.

इस्मत, नुसरत, शौकत ही बायकांची नावं की पुरुषांची? (सोलापूर)

प्रदेश ठरवतो. उर्दू लेखिका इस्मत चुगताई स्त्री, तर १९३८ ते १९५० या काळात तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष असलेले इस्मेत इनोन्यू पुरुष. शब्द एकच, इस्मत म्हणजे पावित्र्य, दोषापासून जपलेलं असणं. शेवटचा ‘त’ मुळात अरबी स्त्रीलिंगी प्रत्यय आहे. काही शब्दांत तो ‘आ’ झाला (करीमा, जमीला), काहींत फारसीनं ‘त’ राखला. किंमत, हिंमत, हरकत, हकीकत, दौलत हे शब्द त्याच वाटेनं मराठीत आले, आणि आपण ते सगळे स्त्रीलिंगीच ठेवले.

मुलगी समीरा. इथले अरब सहकारी म्हणतात, तुम्ही आमचं नाव ठेवलंत. आम्ही तर संस्कृत समजून ठेवलं होतं. (दुबई)

दोघांचंही आहे, आणि दोघांनी एकमेकांकडून घेतलेलं नाही. संस्कृत समीर म्हणजे वारा. अरबीत ‘समर’ म्हणजे रात्री चांदण्यात बसून रंगलेल्या गप्पा, आणि समीरा म्हणजे त्या गप्पांची सोबतीण. योगायोगानं एका ठिकाणी भेटलेली आणखी नावं आहेत : लीना (कुराणात खजुराच्या झाडासाठी हा शब्द येतो), रीमा (‘रीम’ म्हणजे पांढरं हरीण). मुलीला दोन्ही अर्थ शिकवा. वाळवंटातल्या रात्रीच्या गप्पांना वारा लागतोच.

रेहाना म्हणजे काय? (मिरज)

सुवासिक वनस्पती, मुख्यतः सब्जा. दर्ग्याबाहेर गुलाबांसोबत हिरव्या काड्या मिळतात ना, त्या चुरगळून वास घ्या. तोच अर्थ.

माझ्या दोन मैत्रिणी, सुरैया आणि परवीन. दोघींचीही नावं अरबी का? अर्थ सांगाल? (ठाणे)

सुरैया अरबी, मूळ उच्चार ‘थुरैया’. परवीन फारसी. आणि दोघींचा अर्थ एकच : आकाशातला कृत्तिकांचा पुंजका. अरबीत सुरैया हे लाडाचं, लहानपण दाखवणारं रूप आहे, विपुलतेच्या धातूपासून झालेलं. छोट्याशा जागेत दाटीनं बसलेल्या चांदण्या. झुंबरालाही अरबीत सुरैयाच म्हणतात. तुमच्या ओळखीत एखादी कृत्तिका असेल तर तिलाही बोलवा आणि कार्तिकातल्या एखाद्या रात्री आठच्या सुमारास गच्चीवर जा. पूर्वेला थोडं वर, पुसट डागासारखा पुंजका दिसेल. साध्या डोळ्यांना त्यात सहा तारे मोजता येतात.